टर्नटेबल घेताना आधी सुईचा भार विचारावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या ध्वनियंत्रणेसाठी टर्नटेबल कसे निवडावे, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख मी मन लावून वाचला. तबकड्यांकडे नव्याने वळणाऱ्या श्रोत्यांची आपण दखल घेतलीत, याचा आनंद झाला. मात्र त्या लेखात लाकडी आवरण, ब्लूटूथ, अंगभूत स्पीकर आणि यूएसबी जोडणी यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी सुई, टोनआर्म (सुईला तबकडीवर धरून ठेवणारा दांडा) आणि फिरण्याची अचूकता यांना मिळाली नाही. आणि माझ्या मते निवडीचा सारा प्रश्न या तीन गोष्टींपाशीच येऊन ठेपतो. अनेक वर्षे रोज तबकड्या ऐकत आलेला, आणि चुकीच्या यंत्रापायी एक आवडती तबकडी गमावलेला श्रोता या नात्याने हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तर क्षमा असावी.

माझे पहिले टर्नटेबल पेटीसारखे मिटणारे होते. स्पीकर आतच बसवलेले, वेगळा अँप्लिफायर नको, तारांची जोडाजोड नको, म्हणून मी ते घेतले. वडिलांनी जपून ठेवलेली व्हायोलिनवादनाची एक तबकडी मी त्यावर जवळजवळ रोज लावत असे. काही महिन्यांनी वरच्या सुरांभोवती एक बारीक चरचर ऐकू येऊ लागली, आणि तबकडीच्या शेवटाकडे ती इतकी वाढली की गज तारेवरून नव्हे, तर कागदावरून फिरतो आहे असे वाटे. विक्रेत्याने सांगितले की तबकडी जुनी आहे, असे व्हायचेच. मीही ते खरे मानले. पुढे एका जाणकार मित्राने ती तबकडी स्वतःच्या चांगल्या यंत्रावर लावली, तर तीच चरचर त्याच जागी ऐकू आली. त्याच संचातली, तितकीच जुनी पण मी फारशी न वाजवलेली दुसरी तबकडी मात्र स्वच्छ वाजली. मग त्याने सुईचा भार, म्हणजे सुई तबकडीवर जेवढ्या वजनाने टेकते ते, मोजायचा छोटा काटा माझ्या यंत्रावर ठेवून त्यावर सुई टेकवली. आकडा सहा ग्रॅमच्या वर गेला. त्या टोनआर्मला मागे सरकवता येण्याजोगे वजनच नव्हते, म्हणजे भार कमी करायची सोयच नव्हती. यंत्र मी बदलले, पण त्या तबकडीची दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही.

हे का घडले, ते समजून घेतले की निवडीचा क्रम आपोआप लागतो. एलपी तबकडीची खाच साधारण मानवी केसाच्या जाडीएवढी रुंद असते आणि तिच्या दोन्ही भिंतींवर संगीत कोरलेले असते. स्टिरिओ तबकडीत आतल्या भिंतीवर डावी वाहिनी आणि बाहेरच्या भिंतीवर उजवी. एका बाजूची खाच सरळ उलगडली तर तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या घरात जाते, आणि एवढे अंतर सुई वीस-बावीस मिनिटांत कापते. सुईचे टोक या भिंतींना इतक्या लहान ठिपक्यांवर टेकलेले असते की एखाद्या ग्रॅमचा फरकसुद्धा तिथे फार मोठ्या दाबाचा फरक होतो. सुई ज्यात बसते आणि जो तिच्या हालचालीचा विद्युतसंकेत करतो, तो आर्मच्या टोकाचा भाग म्हणजे कार्ट्रिज. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. स्वस्त पेटीवजा यंत्रांत बसवलेल्या सिरॅमिक कार्ट्रिजला मात्र पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक लागतो, कारण तिची सुई ताठ असते आणि खाचेच्या वळणांबरोबर सहज हलत नाही. वरच्या पट्टीतली सूक्ष्म वळणे त्यामुळे घासली जातात, आणि एकदा घासलेली वळणे कोणत्याही साफसफाईने परत येत नाहीत.

याचा उलटा अर्थही काही लोक काढतात, आणि तो तितकाच घातक आहे. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असे समजून ते कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेच्याही खाली जातात. अशा वेळी जोरकस स्वर आला की सुई भिंतीवरची पकड सोडते, क्षणभर उडते आणि पुन्हा आदळते, आणि तो प्रत्येक आघात खाचेवर कायमचा उमटतो. म्हणून सांगितलेल्या पल्ल्याच्या मध्यावर, किंवा किंचित वरच्या बाजूला भार ठेवणे हेच शहाणपणाचे असते. म्हणजे भार मोजता आणि बदलता आला पाहिजे, ही टर्नटेबलाकडून पहिली अपेक्षा. आणि सुई काढून नवी बसवता आली पाहिजे, ही दुसरी. ज्या यंत्रात या दोन सोयी नाहीत, ते दिसायला कितीही देखणे असले तरी ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भार लावण्याची रीत अवघड नाही, आणि दुकानात उभे राहून ती करून पाहता येते. आडवा तोल साधण्याआधी स्केटिंगरोधी चकती (आर्मची मध्याकडची ओढ तोलणारी) शून्यावर ठेवावी, सुईचे झाकण काढावे, आणि टोनआर्मच्या मागचे वजन फिरवत फिरवत आर्म हवेत अधांतरी, तबकडीला समांतर तरंगू द्यावा. तो ना पुढे झुकावा, ना मागे. मग वजनावरची आकड्यांची पट्टी तेवढी शून्यावर आणावी आणि अख्खे वजन पुढे फिरवत, समजा, दोन ग्रॅमवर न्यावे. आर्म असा तरंगत असताना त्याला बोटाने हलकेच आडवा ढकलून पाहावे. तो एकसारखा सरकला पाहिजे; कुठेही अडखळत असेल किंवा पकडून हलवल्यावर सांध्यात खटखट जाणवत असेल, तर त्याच्या बेअरिंगमध्ये दोष आहे. मी अलीकडे कोणतेही यंत्र पाहिले की आवाज ऐकण्याआधी हेच करतो, आणि दोन मिनिटांत त्या यंत्राविषयी बरेच काही कळते.

सुईच्या आकाराकडेही आपल्या लेखात लक्ष दिलेले नव्हते. गोल टोकाची सुई सर्वांत साधी. ती बसवण्यातल्या लहानसहान चुका खपवून घेते, पण खाचेतल्या बारीक वळणांत शिरत नाही. लंबगोल टोकाची सुई त्या वळणांत अधिक नेमकी शिरते आणि घरगुती यंत्रणेसाठी बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी. त्यापुढे शिबाता आणि इतर रेषा-स्पर्शी, म्हणजे भिंतीला ठिपक्याऐवजी रेषेत टेकणारे, आकार येतात. शिबाता आकार १९७० च्या दशकात जपानमध्ये चार वाहिन्यांच्या तबकड्यांसाठी विकसित झाला, कारण त्या तबकड्यांवर ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडच्या कंपनांवरही माहिती कोरलेली असे. आज तो साध्या स्टिरिओ तबकडीच्या शेवटच्या, अरुंद वर्तुळांत आपले मोल दाखवतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने जाते, तर आतल्या टोकाला हा वेग वीस-बावीस सेंटिमीटरवर येतो. तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत बसवावे लागते, म्हणूनच शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. मात्र असे टोक जितके तीक्ष्ण, तितकी ते बसवण्यातली चूक उघडी पडते. कार्ट्रिज नीट जुळवण्याची ज्याची तयारी नाही, त्याने शिबाताच्या मागे लागू नये. हिऱ्याची सुई झाली तरी ती अमर नसते. पाचशे ते हजार तासांच्या दरम्यान ती बदलावी लागते, म्हणून तिची बदली सुई सहज मिळते की नाही हे यंत्र घेण्याआधीच पाहिलेले बरे.

आता फिरण्याच्या अचूकतेकडे वळतो. एलपी १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने आली आणि पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. टर्नटेबलाने या दोन्ही गती अचूक द्याव्यात, एवढे किमान अपेक्षित आहे. लगतच्या दोन अर्धस्वरांमध्ये कंपनसंख्येचा फरक साधारण सहा टक्के असतो. म्हणजे गती एका टक्क्याने चुकली तर अख्खे गाणे अर्धस्वराच्या सहाव्या हिश्श्याने चढते किंवा उतरते. तेही कानाला एक वेळ चालते, कारण सगळेच स्वर एकत्र सरकतात. गती एका फेरीत कमी-जास्त होत राहणे मात्र अजिबात सहन होत नाही. पियानोचा लांबवलेला स्वर किंवा तंबोऱ्याचा षड्ज लावून ऐकावा. तो पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा लहरत असेल तर त्या यंत्रावर संगीताची गोडी लागणार नाही. या लहरण्याचा आकडा माहितीपत्रकात ‘वॉव अँड फ्लटर’ या नावाने दिलेला असतो आणि तो ०.१ टक्क्यापेक्षा जितका खाली, तितका चांगला. इथे एक सावधगिरी हवी. तबकडीचे मधले भोक नेमके मध्यावर नसेल तरीही दर फेरीला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, सूर लहरतो, आणि तो दोष यंत्राचा नसतो. म्हणून तपासणी नेहमी दोन-तीन वेगळ्या तबकड्या लावून करावी.

सरासरी गती तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. प्लॅटरच्या, म्हणजे तबकडी ज्यावर ठेवतात त्या फिरत्या थाळीच्या, कडेला कागदाचा एक छोटा चिटोरा चिकटवावा, तबकडी लावून सुई खाचेत ठेवावी, आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेऱ्या मोजाव्यात. ३३⅓ गतीला त्या बरोबर शंभर भरल्या पाहिजेत. एकशे एक भरल्या तर यंत्र एक टक्का वेगाने फिरते आहे. सुई खाचेत असतानाच मोजावे, कारण दुबळ्या मोटारीची गती सुईच्या घर्षणानेही घटते आणि मोकळ्या प्लॅटरवर ते लक्षात येत नाही. परदेशातून यंत्र आणणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक यंत्रांतील सिंक्रोनस मोटार विजेच्या वारंवारतेनुसार फिरते. ६० हर्ट्झसाठी बनवलेले असे यंत्र ५० हर्ट्झच्या विजेवर लावले, तर ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्याच मिळतात, आणि मोटारीवरची पुली किंवा वीजपुरवठ्याची व्यवस्था बदलल्याशिवाय इलाज नसतो.

मोटार पट्ट्याने प्लॅटर फिरवते ते पट्ट्याचे यंत्र चांगले, की मोटार थेट प्लॅटर फिरवते ते डायरेक्ट ड्राइव्ह, या वादात लेखाने पट्ट्याच्या बाजूने निकाल देऊन टाकला आहे. तो मला एकांगी वाटतो. १९५० च्या दशकातील गॅरार्ड ३०१ किंवा थोरेन्स टीडी १२४ यांसारखी यंत्रे प्लॅटर फिरवायला रबरी चाकाचा आधार घेत आणि आजही ती जपली जातात. १९६१ च्या एआर एक्सए या पट्ट्याच्या यंत्राने प्लॅटर आणि टोनआर्म यांना एकाच, स्प्रिंगांवर तोललेल्या चौकटीवर बसवले, त्यामुळे मोटारीचा आणि जमिनीचा थरकाप सुईपर्यंत पोचेनासा झाला. लिनचे १९७२ पासून चालत आलेले एलपी १२ याच विचाराचे पुढचे रूप. दुसरीकडे टेक्निक्सने १९७० च्या सुमारास एसपी १० मध्ये मोटारीचा आसच प्लॅटरचा आस केला, आणि १९७२ मध्ये आलेले एसएल १२०० पुढे दशकानुदशके, दिवसरात्र राबवले जाऊनही टिकले. पट्टा मोटारीची कंपने शोषतो, पण कालांतराने सैल पडतो किंवा कडक होतो आणि गती बिघडते. डायरेक्ट ड्राइव्हची गती अधिक ठाम असते, पण स्वस्त यंत्रात मोटारीचे धक्के थेट प्लॅटरपर्यंत पोचतात. तेव्हा पद्धतीपेक्षा बांधणी पाहावी. सुई दोन गाण्यांमधल्या मोकळ्या खाचेत असताना आवाज थोडा वाढवून ऐकावे. खालून घरघर येत असेल, तर यंत्र कोणत्याही पद्धतीचे असो, बेअरिंग सुमार आहे.

कार्ट्रिज जुळवण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण उत्तम सुईसुद्धा तिरकी बसली तर वाया जाते. तबकडी कोरणारे यंत्र त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते, पण घरच्या टर्नटेबलाचा आर्म एका टोकाला खिळलेला असल्यामुळे सुई कमानीत फिरते. म्हणून आर्मचे डोके वाकवलेले असते आणि सुई मध्यखुंटीच्या किंचित पुढे जाईल अशी बसवतात; इतके करूनही सुई खाचेशी पूर्ण समांतर असते ती फक्त दोन जागी. या दोन जागा छापलेला जुळवणीचा तक्ता यंत्राबरोबर मिळतो का, हे विचारावे. याच वाकलेपणामुळे फिरताना आर्म मध्याकडे ओढला जातो आणि आतल्या भिंतीवर जास्त दाब पडतो. स्केटिंगरोधी रचना त्याला बाहेर खेचून तोल साधते. जोरकस स्वरांत फक्त उजव्या स्पीकरमधून चरचर येत असेल, तर आधी ही चकती तपासावी. शिवाय आर्मचे वजन आणि कार्ट्रिजच्या सुईची लवचीकता यांची मिळून स्वतःची एक कंपनसंख्या असते; आर्म जड आणि सुई फार लवचीक असली की ती खाली जाते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. त्याखाली गेली तर वाकलेल्या तबकडीवर आर्म डोलू लागतो, वर गेली तर ऐकू येणाऱ्या खर्जात मिसळते.

नवख्या श्रोत्याची हमखास फसगत होते ती जोडणीत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून फक्त तीन ते पाच मिलिव्होल्ट इतका क्षीण संकेत येतो, मूव्हिंग कॉइलमधून (चुंबकाऐवजी तारेचे वेटोळे हलते त्या कार्ट्रिजमधून) बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरची पट्टी उंचावलेली असते. तसे न केल्यास खर्जाची रुंद वळणे शेजारच्या खाचेत घुसली असती, आणि वरच्या पट्टीतले नाजूक स्वर तबकडीच्या खरखरीत बुडाले असते. वाजवताना हे सारे उलटे करावे लागते, आणि त्यासाठी १९५४ पासून आरआयएए नावाचा एकच आलेख रूढ झाला आहे. अँप्लिफायरवर ‘फोनो’ असे छिद्र असेल तर हे काम तिथे होते. नसेल तर वेगळा फोनो प्रीअँप्लिफायर लागतो किंवा तो यंत्रातच असावा लागतो. साध्या ‘ऑक्स’ छिद्रात थेट जोडले तर आवाज बारीक, खर्जहीन आणि चिरका येतो, आणि माणूस समजतो की तबकड्यांचा आवाज असाच असतो. अंगभूत फोनो बंद करण्याची कळ असलेले यंत्र घ्यावे, म्हणजे पुढे चांगला फोनो घेतला तर अडचण येत नाही. दोन्ही एकामागोमाग जोडले तर आवाज फाटतो. आणि गुणगुण ऐकू आली तर यंत्राला दोष देण्याआधी ती एकटी, बारीक अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला आवळली आहे की नाही ते पाहावे.

स्वयंचलित परतीची सोय वाईट नाही; वयस्कर किंवा हात थरथरणाऱ्या श्रोत्यांसाठी ती उपकारकच आहे. ब्लूटूथ असल्यानेही बिघडत नाही, फक्त त्यासाठी आर्ममध्ये काटकसर झालेली नसावी. जुने यंत्र घेणाऱ्याने पट्टा आणि सुई नवी बसवायची आहे असे धरूनच हिशेब करावा, पण बेअरिंग किंवा आर्म बिघडलेला असेल तर मोह टाळावा. आणि कोणतेही यंत्र स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नये. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईपर्यंत जातो, तिथून पुन्हा स्पीकरकडे येतो, आणि आवाज वाढवताच घुमू लागतो. भिंतीला पक्की ठोकलेली, पाणसळीने सपाट केलेली फळी ही यंत्रासाठी सर्वांत चांगली जागा, विशेषतः जिथे चालताना जमीन हलते तिथे.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतील नव्या उपकरणांच्या परिचयाच्या सदरात प्रत्येक टर्नटेबलाबरोबर पुढील चार गोष्टी छापाव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे: सुईचा भार किती आणि तो बदलता येतो का, सुईचे टोक कोणत्या आकाराचे आणि तिची बदली सुई मिळते का, वॉव अँड फ्लटरचा आकडा किती, आणि फोनो अंगभूत असल्यास तो बंद करता येतो का. उत्पादकाने यांपैकी एखादी माहिती दिलेली नसेल, तर ‘माहिती दिलेली नाही’ एवढे तीन शब्द तरी त्या जागी जरूर छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक